आज्जीच्या दहाव्याला मला हसू आलं, आता देवापुढे उभं राहवत नाही

"मॅडम, आरती चालू असताना मला हसू येतं, देवळात गेलं की नको ते विचार येतात, माझी श्रद्धा संपली का? पाप लागेल का?" हा प्रश्न मला समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या पोरापोरींनी विचारलाय की आता त्यांनी तोंड उघडलं की पुढचं अर्धं वाक्य मला आधीच कळतं. बहुतेक सगळी विशी-पंचविशीतली. घर सोडून पुण्यात आलेली, कॉट बेसिसवर राहणारी, नोकरी नाहीतर क्लास चालू असलेली. घरी असताना दिवा आई लावायची, उपवास आज्जी लक्षात ठेवायची, यांनी फक्त खिचडी खायची. इथे आल्यावर ते सगळं स्वतःचं स्वतः करायला लागतं आणि मग पहिल्यांदा प्रश्न पडतो की हे मी का करतोय. प्रश्न पडला की लगेच भीती, की आपण वाया गेलो.

या प्रश्नाला दोन ओळीत उत्तर देता येतं पण त्याने कोणाचं समाधान होत नाही, म्हणून एका मुलीची गोष्टच सांगते. तिची परवानगी घेतलीय, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

ती तेवीस वर्षांची. सोलापूर जिल्ह्यात भीमेकाठचं गाव, पुण्यात एका कंपनीत कस्टमर सपोर्टला, रात्रपाळी. मैत्रिणीने जबरदस्तीने पाठवलं होतं कारण झोप उडाली होती, जेवण कमी झालं होतं. आली आणि बसल्या बसल्या जोक सुरू. "मॅडम माझं डोकं रिकामंच आहे, तुम्हाला तपासायला वेळ नाही लागायचा." "आमच्या घरात मीच डिफेक्टिव्ह पीस आहे, रिटर्न पॉलिसी नाही म्हणून ठेवून घेतलंय." बोलायची झकास, टायमिंग एकदम पक्कं. पण मी बघत होते, प्रत्येक जोक झाला की ती माझ्या चेहऱ्याकडे बघायची, मी हसले की तिचा खांदा जरा खाली यायचा. आणि सगळे जोक स्वतःवरच. वीसेक मिनिटांनी मी तिला म्हटलं, "तू खरंच छान विनोद करतेस, पण आता तुझ्या अंगावर जाणारा जोक आला तर मी हसणार नाही, चालेल का?"

ती गप्प झाली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली, पार बोट पांढरं होईपर्यंत. मग म्हणाली, "मी आज्जीच्या दहाव्याला हसले."

मग सगळं बाहेर आलं. आज्जीने हिला वाढवलेलं, आई-बाप शेतात, ही आज्जीच्या पाठीला. आज्जी माळकरी, पंढरीची वारी कधी चुकवली नाही आणि संध्याकाळची टीव्हीवरची सीरियलही कधी चुकवली नाही. गावात लाईटचा भरवसा नाही, ऐन वेळेला लाईट गेली की आज्जी पुण्याला फोन लावायची, "बाय, पुढं काय झालं गं?" मग ही ऑफिसला निघता निघता मोबाईलवर एपिसोड बघायची आणि फोनवर अख्खी गोष्ट सांगायची, सगळ्या पात्रांचे आवाज काढून. आज्जी तिकडे शिव्या घालायची त्या सीरियलीतल्या सासूला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, बाजूला आज्जीच्या आवडीचं सगळं, चहाची कपबशी, शेव, मिसरीची डबी. कावळे झाडावर बसलेले, खाली एक येईना. आपल्याकडे काय होतं माहितीये ना, कावळा शिवेना म्हणजे काहीतरी इच्छा राहिली असं धरतात आणि मग एकेकजण हात जोडून वचन देतो. थोरला चुलता पुढे झाला, "आई, बारक्याच्या पोरीचं लगीन मी करून देतो." कावळा नाही. बाप म्हणाला, "म्हस इकणार नाही." नाही. आत्या म्हणाली, "तुझी वारी मी चालवीन." तरी नाही. ऊन चढायला लागलं, भटजी घड्याळ बघायला लागले, कोणीतरी म्हणालं आता दर्भाचा कावळा करून शिववू. तेव्हा ही मागून हळूच पुटपुटली, "आज्जी, सीरियलीत पुढं काय झालं ते मी रोज सांगत जाईन, ये आता." आणि कावळा आला. थेट पिंडावर.

आणि हिला हसू फुटलं. आधी हुंदका, मग हसू, मग दोन्ही एकदम, थांबता थांबेना. नदीकाठी सगळी भावकी वळून बघायला लागली. आत्या म्हणाली, "शिकली अन् देवधर्म इसरली. म्हातारीच्या पिंडाला हसती."

ते वाक्य हिने उराशी बांधून पुण्याला आणलं. आज्जीने दिलेला विठ्ठलाचा छोटा फोटो कपाटात होता, तो तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला. "फेकवत नाही आणि तोंडही दाखवता येत नाही," म्हणाली. त्या रात्रीपासून झोप नाही.

कावळा का आला यावर मला काही बोलायचं नाही, तिने मला ते विचारलंही नव्हतं. देव मान किंवा मानू नको हे सांगणं माझं कामही नाही. पण हसण्याबद्दल मात्र मी तिला स्पष्ट सांगितलं. दुःखाचा ताण शरीरात इतका साचतो की तो जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येतो, रडण्यातून येतो तसा हसण्यातूनही येतो, आणि मयताच्या घरी हसू फुटलेली माणसं माझ्याकडे भरपूर येऊन गेलीत, त्यात साठीचे काकाही होते. जवळचं माणूस गेलेलं असतं त्यांनाच बहुतेक हे होतं. लांबच्या पाहुण्याला नाही होत, तो गंभीर तोंड करून व्यवस्थित उभा राहू शकतो.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाला तिचा उपयोग होईल. देवाबद्दल घाण किंवा अपमानाचे विचार आपल्याला नको असताना पुन्हा पुन्हा येत असतील, ते धुऊन काढायला दहा-दहा वेळा हात जोडणं, तेच स्तोत्र चुकलं म्हणून परत पहिल्यापासून म्हणणं, घरच्यांना सतत "मला पाप नाही ना लागणार" विचारणं हे चालू असेल आणि यात रोजचा तास-दीड तास जात असेल तर तो श्रद्धेचा प्रश्न नसतो, तो ओसीडी असू शकतो, म्हणजे नको ते विचार आणि ते घालवायला त्याच त्याच कृती करत राहणं हा मनाचा आजार. त्यावर थेरपी आहे, औषधं आहेत, गुण येतो. आणखी पूजा करून तो बरा होत नाही, उलट प्रत्येक वेळी "नाही गं लागणार पाप" अशी खात्री दिली की तो वाढतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. हे सगळं मी या मुलीलाही खोदून विचारलं होतं. तिचं तसं नव्हतं. तिचं दुःख होतं, आणि त्यावर आत्याच्या वाक्याचं झाकण बसलं होतं.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "आज्जी स्वतः तिथे उभी असती तर तिने काय केलं असतं?" ती पटकन म्हणाली, "ती माझ्या आधी हसली असती!" आणि मग आज्जीचे किस्से सुरू झाले. देवघरात चहा सांडला तर आज्जी विठोबाला म्हणायची, "घे बाबा, तुलाबी सकाळी सकाळी लागतूच की." आरतीत युगे अठ्ठावीस आलं की एखाद्या दिवशी मध्येच थांबून, "अरं पाय दुखत न्हाईत का, बस की घटकाभर." एकादशीला भगर करपली तर त्याचं खापरही त्याच्यावरच, "तुझ्याशी बोलत बसले म्हणून करपली, आता खा तशीच." मी म्हटलं, "मग तुझी आज्जी देवाची चेष्टा करायची का?" ती म्हणाली, "छे, तो तिच्या घरातला होता ना."

मला जे सांगायचं होतं ते तिनेच सांगितलं. जो घरातला असतो त्याच्याशी आपण भांडतो, रुसतो, हसतो. परक्यासमोर आपण सावरून बसतो. आपल्या संतांनी हे किती मोकळेपणाने केलंय बघा. पैठणचे एकनाथ महाराज, सोळाव्या शतकातले, केवढे विद्वान, आणि त्यांच्या भारुडातली सून भवानी आईला रोडग्याचा नवस बोलते तो कशासाठी, तर सासरा गावाला गेलाय तो तिकडेच संपू दे म्हणून! देवळाच्या अंगणात बायाबापड्या ते ऐकून पोट धरून हसतात आणि हसता हसताच त्यांना कळतं की ही सासू-सासऱ्यांची नावं म्हणजे आपल्याच मनातला पसारा आहे. नामदेव तर देवाच्या दारात उभं राहून म्हणतात की तू पतितपावन आहेस ऐकून आलो होतो, तसं काही दिसत नाही, मी आपला जातो परत. तुकोबांनी देवाला किती सुनावलंय ते तर विचारूच नका. यांच्या श्रद्धेवर कोणी शंका घेतली का? आणि लांब कशाला, गणपतीत आपल्या घराघरात पोरं "फणिवरबंधना"चं "फळीवर वंदना" करतात, "दीपज्योती"चा "दीपक जोशी" होतो, मोठी माणसं ओठ दाबून टाळ्या वाजवत राहतात आणि आरती पुढे चालू राहते.

पण मी तिला हेही सांगितलं की तुझं सगळंच हसणं सारखं नाही. रॉड मार्टिन म्हणून कॅनडातले एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाचे चार प्रकार मांडले. एक माणसं जोडणारा, एक अडचणीत स्वतःला उभारी देणारा, एक दुसऱ्याला टोचणारा आणि एक स्वतःलाच खाली पाडून लोकांना खूश करणारा. आज्जीचा विनोद पहिल्या दोन प्रकारातला होता. "डिफेक्टिव्ह पीस"वाला हा चौथा. तो केला की समोरचा हसतो आणि विषय तिथेच संपतो, आपल्याला काय होतंय ते कोणाला सांगावंच लागत नाही. विशीतल्या मुलांमध्ये मला हा प्रकार फार दिसतो, ग्रुपवर दिवसभर मीम टाकणारा मुलगा रात्री जेवलेला नसतो, आणि आपण मात्र म्हणतो किती हसतमुख आहे. खरं सांगायचं तर मला गंभीर पोरांपेक्षा या पोरांची जास्त काळजी वाटते.

मग तिला गृहपाठ दिला. वचन दिलंयस ना, मग पाळ. रोज पाच मिनिटं मोठ्याने बोलून आज्जीला सीरियल सांगायची, आवाज काढून, आणि शेवटी स्वतःच्या दिवसातलं एक काहीतरी सांगायचं, मग ते गमतीचं असो नाहीतर रडण्याचं. गेलेल्या माणसाला विसरा आणि पुढे जा असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जायचा, पण नातं तुटत नाही, ते वेगळ्या रूपात चालू राहतं आणि त्यात वावगं काही नाही, हा विचार १९९६ पासून शोकाच्या अभ्यासात चांगला रुजलाय. आपल्याकडे तर पितरांना दरवर्षी जेवायला बोलवतात, आपल्याला हे नवीन नाही.

पहिला आठवडा तिला जमलं नाही, रूममेटची लाज वाटली. मग तिने जागा शोधली, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधली कंपनीची कॅब. इयरफोन कानात घालायचा आणि फोनवर बोलतोय असं दाखवत आज्जीशी बोलायचं. एकदा सीरियलीतल्या सासूला आज्जीच्या भाषेत शिवी घातली तर पुढचा ड्रायव्हर दचकला, हे सांगताना ती इतकी हसली की माझ्या टेबलावरचं पाणी सांडलं. ते हसणं वेगळं होतं. त्यानंतर तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

सगळं काही छान-छान झालं असं नाही. संक्रांतीला आज्जीच्या हातच्या तिळाच्या पोळ्या आठवल्या आणि दोन दिवस कामावर गेली नाही. मधेच एकदा म्हणाली, देव आहे का नाही मला खरंच माहीत नाही, पण नसला तरी त्याच्याशी बोलायची सवय मला सोडवत नाही, हे चालतं का? मी म्हटलं, चालतं, या वयात असंच असतं, उत्तर यायला घाई नाही. माहीत नाही असं म्हणता येणं हाही प्रामाणिकपणाच आहे आणि तिच्या वयात मला तो तोंडपाठ श्रद्धेपेक्षा मोलाचा वाटतो.

जूनमध्ये पालख्या पुण्यात आल्या, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी आणि माउलींची भवानी पेठेत, तेव्हा ती ऑफिसच्या ग्रुपबरोबर वारकऱ्यांचे पाय चोळून द्यायला गेली. परभणीकडच्या एक आज्जी होत्या, तळपायाला हे एवढे फोड. हिने तेल लावता लावता विचारलं, "माउली, दुखत नाही का?" त्या म्हणाल्या, "दुखतंय की. म्हणूनच चाललेय, त्याला जाऊन दावते काय केलंस म्हणून." ही रूमवर आली, कपाट उघडलं आणि फोटो सरळ केला. मला मेसेज केला, "औंढ्याला नामदेवांसाठी अख्खं देऊळ फिरलं म्हणतात, माझ्यासाठी मलाच फोटो फिरवावा लागला. पण तो काही रागावलेला दिसत नाहीये."

आत्याशी मात्र बोलणं बंदच होतं. मी आग्रह केला नाही, तो तिचा निर्णय.

वर्षश्राद्धाला ती गावी गेली आणि तिथून मला एक व्हॉइस मेसेज आला, मागे भांड्यांचा आवाज. स्वयंपाकघरात दोघीच असताना आत्याने पुऱ्या लाटता लाटता वर न बघता विचारलं होतं, "ते सीरियलीचं सांगतीस का गं आईला, का नुसतंच बोललीस?"

ही म्हणाली, "सांगते. रोज."

आत्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग मलाबी सांगत जा की. आमच्याकडंबी लाईट नसती."