वाचकांचे प्रश्न : ध्वनिमुद्रिकेतला हशा

प्रश्न : बॉब न्यूहार्ट या अमेरिकन विनोदकाराचा ‘द बटन-डाउन माइंड ऑफ बॉब न्यूहार्ट’ हा 1960 सालचा अल्बम मी नुकताच ऐकला. इंग्रजी बहुतेक समजले आणि हसूही आले, परंतु दोन शंका राहिल्या. त्यातील प्रेक्षकांचा हशा खरा आहे, की दूरचित्रवाणीच्या मालिकांत असतो तसा मागाहून जोडलेला? आणि हशा वगळून नुसते बोलणेच मुद्रित केले असते, तर ऐकणाऱ्याचे काय बिघडले असते?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या पहिल्या शंकेला आधार आहे, कारण चार्ल्स डग्लस यांनी बनवलेले हशा पुरवणारे यंत्र अमेरिकी दूरचित्रवाणीत 1950च्या दशकातच रुळले होते. या अल्बमचे मुद्रण मात्र टेक्सासमधील ह्यूस्टन येथे, टायडलँड्स नावाच्या क्लबात, फेब्रुवारी 1960मध्ये पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांसमोर झाले. हे मुद्रण झाले तेव्हा न्यूहार्ट क्लबाच्या रंगमंचावर अगदी नवखे होते, हे लक्षात ठेवून अल्बम पुन्हा ऐकावा, असे मी आग्रहाने सुचवीन. ते शिकागोत हिशेबनीस होते, नंतर जाहिरातींचा मजकूर लिहीत. डॅन सॉर्किन या रेडिओ निवेदकांच्या मध्यस्थीने त्यांच्या टेप वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्सपर्यंत पोचल्या. पुढच्या क्लबातील कार्यक्रम आपण मुद्रित करू, असे कंपनीने कळवले. तेव्हा आपण आजवर एकाही क्लबात कार्यक्रम केलेला नाही, हे न्यूहार्ट यांना सांगावे लागले. मग कार्यक्रम शोधून ह्यूस्टन ठरले. म्हणजे आपण ऐकलात तो हशा या माणसाला ओळखतही नसलेल्या लोकांचा आहे. नाव ऐकून टाळी द्यावी, असे त्या रात्री त्यांच्यापाशी काहीच नव्हते.

दुसरी शंका अधिक मोलाची आहे. न्यूहार्ट यांच्या बहुतेक प्रवेशांत दोन माणसे असतात आणि त्यांतील एकाचेच बोलणे आपल्याला ऐकू येते. दिवाकरांच्या नाट्यछटा वाचलेल्या मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. समोरच्या पात्राचे शब्द तिथेही आपणच मनात रचतो. न्यूहार्ट या रचनेकडे एका अडचणीतून वळले. नोकरीच्या काळात ते आणि त्यांचा एक मित्र कंटाळा घालवण्यासाठी एकमेकांना फोन करून विक्षिप्त संभाषणे रचत, ती मुद्रित करून रेडिओ केंद्रांना विकण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. पुढे मित्र न्यूयॉर्कला गेला आणि संभाषणाची एकच बाजू उरली. टेलिफोनवरचे एकतर्फी संभाषण हा प्रकार त्याआधी शेली बर्मन यांनीही लोकप्रिय केला होता, ही नोंद न्याय म्हणून करायलाच हवी. त्यांचा ‘इनसाइड शेली बर्मन’ हा अल्बम 1959चा.

मोटार शिकवणाऱ्या शिक्षकाचा प्रवेश पाहा. शिकणारी बाई आपल्याला अखेरपर्यंत ऐकू येत नाही. आधीचे शिक्षक धावत्या गाडीतून उडी मारून गेलेले आहेत आणि नवे शिक्षक शांतपणे चौकशी करत आहेत. गाडीचा वेग किती होता, असे ते विचारतात, थोडे थांबतात आणि मिळालेले उत्तर स्वतःशी उच्चारावे तसे ‘पंचाहत्तर’ म्हणतात. मग ठिकाण विचारतात. ते निघते बाईंच्या घराचे आवार. शेवटी धडा कुठवर आला होता, असे विचारतात, तर गाडी आवारातून मागे घेण्यापर्यंतच. वेग, ठिकाण, धडा हा क्रम बदलून पाहा. आवार आधी सांगितले, तर पंचाहत्तर हा आकडा नुसती अतिशयोक्ती होऊन बसतो. न्यूहार्ट मात्र प्रत्येक उत्तराने आधीचे उत्तर अधिक भयंकर करतात, आणि तेही आवाज न चढवता, किंचित अडखळत. ते अडखळणे त्यांच्या बोलण्यात मुळातच होते.

आता हशा कुठे येतो ते ऐका. प्रश्न आणि उच्चारलेले उत्तर यांच्यामध्ये जी निःशब्द जागा आहे, तिथे बाई बोलत असतात. तिथे प्रेक्षक बहुधा गप्प असतात, कारण तेही ऐकत असतात. उत्तर उच्चारले गेले की हशा फुटतो आणि तो ओसरू लागताच न्यूहार्ट पुढचा प्रश्न टाकतात. पूर्ण विरू देत नाहीत आणि त्यावर बोलतही नाहीत. रिकाम्या स्टुडिओत हेच वाचले असते, तर कुठे किती थांबायचे याचा अंदाज त्यांना एकट्याने बांधावा लागला असता. ह्यूस्टनमध्ये तो प्रेक्षकांनी बांधून दिला. म्हणून या अल्बममधील हशा वगळणे म्हणजे तबल्याविना ठुमरी मुद्रित करण्यासारखे झाले असते, असे माझे ठाम मत आहे. पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाची मुद्रणे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हा अनुभव घरचाच आहे. हशासाठी ते जिथे थांबतात, त्या जागाही आपल्याला वाक्यांसारख्याच पाठ असतात.

त्या काळच्या श्रोत्यांनी या मुद्रणाला जे प्रेम दिले, ते थक्क करणारे आहे. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या, खपावर आधारलेल्या अल्बम-यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेला हा पहिला विनोदी अल्बम. त्याच वर्षी त्याचा दुसरा भाग निघाला आणि काही काळ यादीतील पहिली दोन्ही स्थाने न्यूहार्ट यांच्याकडेच होती. 1961च्या ग्रॅमी समारंभात वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे पारितोषिक त्यांना मिळाले, तेव्हा स्पर्धेत फ्रँक सिनात्रा, नॅट किंग कोल आणि हॅरी बेलाफोंटे यांचे गाण्यांचे अल्बम होते. सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंताचा मानही त्यांचाच. 2024च्या जुलैमध्ये, वयाच्या 94व्या वर्षी ते निवर्तले.

प्रश्न : असे अल्बम एकट्याने हेडफोन लावून ऐकावेत, की चारचौघांत?
(एक वाचक, बेळगाव)

उत्तर : पहिल्यांदा चारचौघांत ऐकावेत. 1960मध्ये ही तबकडी दिवाणखान्यातल्या रेकॉर्ड प्लेअरवर लागे, आणि क्लबातल्या प्रेक्षकांच्या हशात घरातल्यांचा हशा मिसळे. एक बाजू संपली की कुणीतरी उठून तबकडी उलटायची. दुसऱ्यांदा मात्र हेडफोन लावून एकट्याने ऐका आणि त्या वेळी न्यूहार्ट यांच्या शब्दांकडे लक्ष न देता केवळ त्यांच्या थांबण्याकडे द्या. मोटारीत शेजारी बसलेल्या त्या बाई काय म्हणाल्या असतील, ते आपल्याला ऐकू येऊ लागेल.