वाचकांचे प्रश्न : नाग नदीचे पाणी कोणत्या समुद्रात?

प्रश्न : नाग नदी नागपुरातून पूर्वेकडे वाहते, परंतु अरबी समुद्र तर पश्चिमेला आहे. मग तिचे पाणी नेमके कोठे पोहोचते? (एक वाचक, धंतोली, नागपूर)

उत्तर : बंगालच्या उपसागरात, मात्र तेथवरचा प्रवास बराच लांबचा आहे. वाडीजवळच्या लाव्हा येथील टेकड्यांत उगम पावलेली ही लहानशी नदी अंबाझरी तलावातून पुढे निघते, दाट वस्तीतून वाट काढत शहर ओलांडते आणि पूर्वेस, गोरेवाड्याकडून येणाऱ्या पिवळी नदीला सोबत घेऊन कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळते. या दोघींची प्राणहिता होते, आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते.

या भूगोलातील खरी गंमत शहराच्या पश्चिमेच्या उंचवट्यावर आहे. त्याच्या पूर्व उतारावर पडलेला पाऊस नागेत येतो, तर पश्चिमेकडे पडलेला वेणा नदीमार्गे हिंगणघाटावरून वर्धेत जातो. म्हणजे हाकेच्या अंतरावर पडलेले दोन थेंब विदर्भाला दोन बाजूंनी वळसा घालून थेट प्राणहितेच्या उगमाशी पुन्हा भेटू शकतात.

उतार पूर्वेकडेच का, हेही पाहू. दख्खनचे पठार एकंदरीत त्याच दिशेस कलते. नागपूर तर या पठारावरील काळ्या बेसाल्टच्या पूर्व कडेवर वसले असून शहरापलीकडे जुने स्फटिकी खडक सुरू होतात. शहरातील भिंतींमध्ये कोंडलेल्या प्रवाहाकडे पाहून हे सारे सुचणे कठीण, हे मान्य. परंतु ज्या नदीच्या नावाशी शहराचे नाव जोडले जाते, ती नाला नव्हे.