डीआयडी (एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं असण्याचा मानसिक आजार) असलेल्या माणसाचा रोजचा दिवस कसा असतो?

पिक्चरमधे दाखवतात तसं काही नसते बाप्पा. माझ्या ताईले आहे, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातले, म्हणून सुरुवातीचे दोन वर्ष तर अंगात येते समजून मांत्रिकाकडेच फिरलो. खरा त्रास म्हणजे आठवणीत पडणारे खड्डे, कापूस वेचाले गेली हे आठवते पण मजुरीचे पैसे कोणाले दिले ते नाही, मग घरचे म्हणतात खोटं बोलते. आता ती वही ठेवते, झालं की लगेच लिहायचं, कधी त्यात अक्षरच वेगळं निघते अन ताई वाचून गप बसते. आवाज बदलला तर मी तू कोण म्हणून खोदत नाही, चहा मांडतो. २०१३ च्या डीएसएम-५ मधे, म्हणजे डॉक्टर लोक मानसिक आजार ओळखाले वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, अंगात आल्यासारखा अनुभवही या आजारात धरलाय, पण जत्रेत रीतीनं येते तो आजार नव्हे, हे मले लय उशिरा समजलं. याच्यावर खास अशी गोळी नाही, गोळ्या उदासी-घबराटीसाठी, मुख्य म्हणजे थेरपी, तीही वर्षानुवर्षं, कारण मूळ बहुतेकदा लहानपणच्या अत्याचारात असते. जवळ डॉक्टर नसला तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६ लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.