पानांनी माना टाकल्या म्हणून लगेच पाणी सोडू नका

प्रश्न (तासगाव तालुका) : एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी (फळं काढल्यावर जुन्या काड्या छाटणं) केली. बाग ठिबकवर आहे. आता मे महिन्यात दुपारी पानं माना टाकतात. पाण्याचे तास वाढवले तरी तेच. आणखी किती पाणी द्यावं?

उत्तर : आणखी देऊ नका. आधी उद्या सकाळी ऊन चढायच्या आत बागेत जाऊन पानं बघा. ती ताठ असतील तर वेल तहानलेली नाही. दुपारी पानांतून जेवढी वाफ जाते तेवढं पाणी मुळ्या त्या घडीला वर पोचवू शकत नाहीत, एवढंच. अशा वेळी वेलीत अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पानाखालची बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, मिटतात. पाणी वाचतं. पण त्याच छिद्रांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो, त्यामुळे अन्न तयार होणं मंदावतं, पानही तापतं. म्हणून ओळीत पाचटाचं आच्छादन करा आणि रोजचं पाणी एकदम न देता पहाटे व संध्याकाळी विभागून द्या.

सकाळीही पान लोंबत असेल तर ड्रीपरजवळ फूटभर उकरा. माती कोरडी निघाली तर पाणी कमी पडतंय, वाढवा. पण चिखल निघाला, कुबट वास आला, पांढऱ्या मुळ्या तपकिरी दिसल्या, तर मुळ्या गुदमरल्या आहेत. मुळीला प्राणवायू मिळाला नाही की तिची पाणी ओढायची ताकदच जाते. खाली पाणी आणि वर सुकलेलं पान, हे त्यामुळेच. अशा बागेत वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होईपर्यंत, ठिबक बंद ठेवा.

शिवाय छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीतल्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, पुढच्या घडांची निर्मिती होते. तेव्हा पाणी जास्त झालं तर वेल शेंड्याकडे पळते, दाट सावली होते आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घड कमी दिसतात. दाट सावलीत रोग आले की औषधांचा खर्च होतो तो वेगळाच.

प्रश्न (वाळवा तालुका) : उसाला पाणी मुबलक आहे, तरी पानांची टोकं करपतात. सरीवर पांढरा थर दिसतो. युरिया दिला, फरक नाही.

उत्तर : मातीत क्षार साठले की ते पाणी धरून ठेवतात, मुळीला ते ओढणं जड जातं. ऊस मग पेशींत प्रोलीन (एक अमिनो आम्ल) आणि साखरेसारखे पदार्थ साठवून पाण्याची ओढ वाढवतो, म्हणजे वाढीची शक्ती तिकडे खर्च होते. पुढे सोडियम जुन्या पानांत साचतो आणि टोकं, कडा करपतात. युरियाने हे सुटणार नाही. माती तपासून सामू (पीएच) आणि क्षारता बघा. सामू ८.५ च्या वर, जमीन चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेली, असेल तरच जिप्समचा उपयोग. नुसत्या क्षारपड, म्हणजे क्षार साठलेल्या पण चोपण नसलेल्या, रानात जिप्समची पोती ओतायची आपल्याकडे सवयच झाली आहे, ते पैसे वाया जातात. दोन्ही प्रकारांत आधी निचरा हवा. चर काढा किंवा शेजाऱ्यांना बरोबर घेऊन जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाका. एकट्याच्या रानापुरता निचरा केला तर वरच्या रानातलं पाणी येतच राहतं.

प्रश्न (आटपाडी तालुका) : डाळिंबाला बहारासाठी, म्हणजे एकदम फुलं यावीत म्हणून, पाणी बंद ठेवून ताण किती दिवस द्यावा?

उत्तर : दिवस मोजू नका, झाड बघा. हलक्या मुरमाड रानात ताण लवकर बसतो, भारी रानात उशिरा. पानं पिवळी पडून गळायला लागली की पुरे. काड्या सुकू देऊ नका, कारण वाढ थांबलेली असताना फुलासाठी लागणारं अन्न त्याच काड्यांत साठतं. दोन वर्षांच्या आतल्या बागेला ताण देऊच नका. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्या.