सहकाऱ्याचा बेचाळीस हजारांचा रिफंड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ४२,१२० रुपये रिफंड, म्हणजे जास्त कापलेला आयकर परत, आला आणि तुला शून्य, म्हणजे तू जास्त कर भरलास का, हा एक. आणि रिफंडला वर्षाची बचत म्हणावं का, हा दुसरा. पहिला आधी सोडवू, कागद-पेन्सिल घेऊनच बस. आकडे सगळे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे धरले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून ते शक्यतो टाळतो.

तुम्हा दोघांचा पगार वर्षाला १५ लाख. तू एप्रिलमध्येच ऑफिसला नवी करप्रणाली (दर कमी, पण वजावटी मोजक्याच) कळवलीस. ७५,००० ची प्रमाणित वजावट (पगारदारांना पुराव्याशिवाय मिळणारी) गेल्यावर करपात्र राहिले १४,२५,०००. पहिल्या चार लाखांवर काही नाही. पुढच्या चार लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि उरलेल्या सव्वादोन लाखांवर १५ टक्क्यांनी ३३,७५०. बेरीज ९३,७५०, वर ४ टक्के सेस (करावरचा उपकर) ३,७५०. एकूण ९७,५००. ऑफिसने टीडीएसही, म्हणजे पगारातून आधीच कापून सरकारला भरायचा करही, तेवढाच कापला.

त्याने सवयीने जुनी प्रणाली चालू ठेवली. ५०,००० प्रमाणित वजावट, ८०सी चे (पीएफ, विमा अशा गुंतवणुकींचे) दीड लाख, घरकर्जाच्या व्याजाचे दोन लाख, आरोग्य विम्याचा २५,००० हप्ता आणि व्यवसाय कर २,५००. एवढं वजा करूनही १०,७२,५०० उरतात, आणि जुन्या प्रणालीत दहा लाखांच्या पुढे थेट ३० टक्के लागतात. सेस धरून कर होतो १,३९,६२०, आणि ऑफिसने तो वर्षभर कापला. रिटर्न भरताना त्याने दोन्ही प्रणाली ताडून पाहिल्या, नवी निवडली, कर ९७,५०० वर आला आणि फरक परत मिळाला. दोघांनी भरलेला कर अगदी सारखा. तो दर महिन्याला ३,५१० रुपये सरकारकडे ठेवत होता, तू ठेवले नाहीस, एवढाच काय तो फरक.

म्हणून तुलना करायची ती ‘एकूण कर’ या ओळीची. ऑफिस देतं त्या पगार-कराच्या दाखल्याच्या, म्हणजे फॉर्म १६ च्या, भाग ब मध्ये ती शेवटाकडे सापडते, आणि रिटर्न तपासून झाल्यावर आयकर खात्याकडून १४३(१) ची जी सूचना ईमेलवर येते, तिच्यातही असते. तिथे दोन रकाने असतात, एकात तू दाखवलेले आकडे आणि दुसऱ्यात खात्याने काढलेले. दुसरा रकाना घे आणि त्यातल्या कराला एकूण पगाराने भाग. तुझं उत्तर साडेसहा टक्के. चहाच्या वेळी लोक ‘मी वीस टक्क्यांत, मी तीस टक्क्यांत’ म्हणतात तो शेवटच्या रुपयावरचा दर असतो. सगळ्या कमाईवर तेवढा दर कुणालाच पडत नाही.

पगाराची स्लिप वाचतानाही सांभाळ. कपातीच्या बाजूला पीएफ, व्यवसाय कर आणि टीडीएस एकाखाली एक छापलेले असतात आणि माणूस तिन्हींची बेरीज करून ‘एवढा कर गेला’ म्हणतो. पीएफची रक्कम तुझ्याच खात्यात जाते आणि तिच्यावर व्याज मिळतं. ती कराच्या बेरजेत घ्यायची नाही.

आता घराघरांतली तुलना, आणि खरी गंमत इथे आहे. आपल्याकडे आयकर माणसाला लागतो, कुटुंबाला नाही. नवरा-बायकोने मिळून एक रिटर्न भरायची सोय नाही. एका घरात एकटा मिळवता, पगार २४ लाख. वजावटीनंतर २३,२५,०००, कर सेससह २,९२,५००. दुसऱ्या घरात दोघं मिळवते, प्रत्येकी १२ लाख. प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न ११,२५,०००, बारा लाखांच्या आत, म्हणून रिबेटमुळे (बारा लाखांपर्यंतचा कर माफ करणाऱ्या सवलतीमुळे) दोघांचाही कर शून्य. घरात येणारा पैसा सारखा आणि कर एकीकडे जवळजवळ तीन लाख, दुसरीकडे काहीच नाही. दुसऱ्या घराला पाळणाघर, दोन प्रवास, स्वयंपाकाच्या ताई असे खर्च असतात हे खरं, पण ते कराच्या हिशेबात कुठे दिसत नाहीत. पहिल्या घरातला माणूस मग म्हणतो, ‘बायकोच्या नावाने एफडी करतो.’ त्याने काम भागत नाही. बायकोला भेट दिलेल्या पैशावरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं.

ज्या घराचा आयकर शून्य, ते घर कर भरतच नाही असंही नव्हे. जीएसटी सगळ्यांकडून जातो, पेट्रोलवर उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट वेगळा. घरचा जीएसटी काढायचा असेल तर लक्षात ठेव, छापील किमतीत कर आधीच मिसळलेला असतो. १८ टक्क्यांच्या वस्तूत किमतीला १८ ने गुणून ११८ ने भागायचं. १,१८० च्या वस्तूत कर १८० रुपये. सरळ १८ टक्के काढलेस तर २१२ येतील आणि ओझं उगाच फुगेल. सुटं धान्य, भाजी, दूध, शाळेची फी आणि राहत्या घराचं भाडं यांवर जीएसटी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरही नाही. दोन घरांची तुलना करताना एका महिन्याची बिलं पुरतात, वर्षभराची जमवत बसू नकोस.

रिफंड बचत आहे का? सहकाऱ्याचेच आकडे घेऊ. सरकार रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का सरळ व्याज देतं, पण टीडीएस वेळोवेळी कापला गेला तरी व्याज मोजायला सुरुवात वर्ष संपल्यावर १ एप्रिलपासून होते, तीही रिटर्न मुदतीत भरलं असेल तर. पैसे ऑगस्टमध्ये आले तर पाच महिन्यांचे साधारण १,०५० रुपये. रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर तेही नाहीत. तेच ३,५१० दरमहा साडेसहा टक्क्यांच्या आरडीत टाकले असते आणि ऑगस्टपर्यंत तसेच ठेवले असते, तर व्याज २,६५० च्या आसपास झालं असतं. दोन्हींकडचं व्याज करपात्र. रिफंडचं व्याज एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरच्या तुझ्या वार्षिक माहितीपत्रकात) दिसतं आणि पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, हे बहुतेक जण विसरतात.

म्हणजे तोटा सोळाशे रुपयांचा. त्यासाठी डोकं पिकवायची गरज नाही, आणि ज्याच्या हातात पैसा टिकतच नाही त्याच्यासाठी ही सक्तीची बचत परवडली, असं मी मोकळेपणाने म्हणेन. पण क्रेडिट कार्डाची बाकी डोक्यावर असेल तर चित्र पालटतं. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर तेवढ्याच बाकीवर दरमहा पावणेपंधराशे रुपये व्याज जातं. एकीकडे असं व्याज भरायचं आणि दुसरीकडे सरकारकडे वर्षभर बिनव्याजी पैसे ठेवायचे, याला बचत म्हणता येणार नाही. तुला सक्तीच हवी असेल तर पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप कापली जाणारी आरडी लाव. ती गरज पडली तर मोडता येते. टीडीएस मोडता येत नाही.

उलटी बाजूही सांगतो, कारण ती जास्त दुखते. समज, पगार १२,६०,०००. वजावटीनंतर ११,८५,०००, ऑफिसच्या हिशेबाने कर शून्य. बँकेत एफडीचं व्याज ४०,०००. ते ५०,००० च्या आत, म्हणून बँकही टीडीएस कापत नाही. दोन्ही मिळून १२,२५,०००. बारा लाखांच्या थोडंच वर गेलेल्यांचा कर वरच्या रकमेहून जास्त होऊ देत नाहीत, पण वर २५,००० गेले की या सवलतीनंतरही कर २५,००० आणि सेस १,०००. चाळीस हजारांच्या व्याजापायी २६,००० भरायचे, शिवाय आगाऊ कर भरला नाही म्हणून महिन्याला एक टक्का व्याज वेगळं. हे टाळायचं तर वर्ष संपायच्या आत. ऑफिस पगारातून एनपीएसचा (राष्ट्रीय पेन्शन योजनेचा) वाटा द्यायला तयार असेल तर नव्या प्रणालीतही मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत तो वजा होतो. निदान व्याजाचा आकडा ऑफिसला लेखी कळव, म्हणजे टीडीएस पगारातून जाईल आणि दंडाचं व्याज वाचेल.

‘तुमचा रिफंड वाढवून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ म्हणणाऱ्याच्या दारात मात्र जाऊ नकोस. हे लोक न भरलेलं भाडं, राजकीय पक्षांना न दिलेल्या देणग्या आणि नसलेली आजारपणं रिटर्नमध्ये टाकतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशाच खोट्या वजावटींसाठी दीडशे ठिकाणी तपासणी केली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. आता रिटर्नमध्ये विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांकही मागतात. खोटं पकडलं गेलं तर कर, व्याज आणि वर कराच्या दुप्पट दंड. तो तुझ्या पॅनवर येतो, एजंट तोवर दुकान बदलून मोकळा.

सहकाऱ्याला एवढं सांग की गुंतवणुकीचे पुरावे मागायला ऑफिस जानेवारीत येतं, तेव्हा दोन्ही प्रणालींचा कर काढून मगच कागद द्यावेत. तेव्हा बदल करू दिला तर फेब्रुवारी-मार्चचा टीडीएस कमी होतो. ३१ मार्चनंतर रिटर्नशिवाय मार्ग नाही. आणि रिटर्न भरून तीस दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं, बँक खातं पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवायचं. खात्यावरचं नाव पॅनशी जुळलं नाही तर रिफंड निघूनही परत फिरतो.

तुझ्या आई-वडिलांच्या एफडीचं काय झालं ते कळव. ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाला एक लाखाच्या पुढे व्याज गेलं की टीडीएस कापतात. त्यांचा एकूण कर शून्य येत असेल तर कपात नको असल्याचं स्वघोषणापत्र एप्रिलमध्येच, प्रत्येक बँकेत वेगळं द्यायचं असतं.

तुझा,
काका