गाऱ्हाणं

"मॅडम, देवाचं एवढं करते, तरी मन उभारी धरत नाही. माझी श्रद्धाच कच्ची आहे का?"

डोंबिवलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. कधी पारायण अर्ध्यावर सोडलेली सून विचारते, कधी वसईचे कॅथलिक आजोबा, कधी नोकरी गेलेला इंजिनिअर. शब्द वेगळे, पण खालचं ओझं तेच आणि दुहेरी. एक संकटाचं. दुसरं, संकटात आपण खचलो याची देवापुढे वाटणारी शरम. २२ वर्षांच्या अनुभवावरून सांगते, हे दुसरं ओझं जास्त जड असतं.

या प्रश्नाला माझं एक ठरलेलं उत्तर होतं. नानांनंतर ते बदललं. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वेंगुर्ला तालुक्यातलं त्यांचं गाव तेवढं त्यांच्या परवानगीने खरंच ठेवलं आहे.)

नाना ५४ वर्षांचे, एका कंपनीत स्टोअरकीपर. कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा हाती आलेले पैसे त्यांनी मुलाबरोबर झेरॉक्स-स्टेशनरीच्या दुकानात घातले आणि दोन वर्षांत दुकान बसलं. काकूंनी त्यांना माझ्याकडे जवळजवळ ओढूनच आणलं. "रात्री तीनला उठून गॅलरीत बसतात. देवापुढे दिवासुद्धा आता मीच लावते," त्या म्हणाल्या. नाना खाली बघत म्हणाले, "रोज एकच मागायचो, देवा शक्ती दे. देईना. मग मागणंही सोडलं."

झोप आणि भूक दोन्ही गेली होती, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. श्रद्धा आणि गोळी यांचं भांडण लावणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.

दुसऱ्या भेटीत मी एक चूक केली. आयुष्यात जे चांगलं आहे त्याची रोज यादी करा, असं सांगितलं. पुढच्या वेळी नानांनी वहीचं पान पुढे केलं. त्यावर एकच ओळ होती: "१. श्वास चालू आहे." एक आकडा घालून त्यांनी माझी सगळी विद्या निकालात काढली होती.

चौथ्या भेटीत मी विषयच बदलला. "तुमचा देव कसा आहे हो, नाना?"

पहिल्यांदा चेहरा हलला. "आमचा आरवलीचा वेतोबा. उंच, माणसाहून उंच. रात्री गावाची राखण करत फिरतो. म्हणून त्याला लोक चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात. जुन्या झिजतात ना."

"देवाच्याही वहाणा झिजतात, मग तुमच्या झिजल्या तर काय बिघडलं?" मी म्हटलं. वाक्य सुचलं म्हणून मनातल्या मनात खूश झाले. नानांवर काडीचाही परिणाम झाला नाही. समुपदेशकाच्या टाळीच्या वाक्यांचं बहुधा असंच होतं.

"त्याच्यासमोर उभे राहिलात की काय बोलता?" मी विचारलं.

"आम्ही नाही बोलत. गाऱ्हाणं घालतात. मानकरी नाहीतर गुरव बोलतो, बाकीचे व्हय म्हाराजा म्हणतात."

"घालून दाखवाल?"

बराच वेळ ते बसून राहिले. मग उठले, चपला काढून दाराशी ठेवल्या आणि हात जोडून उभे राहिले. इतके दिवस ऐकलेल्या पुटपुटण्याच्या जागी घुमणारा आवाज आला. "बा देवा म्हाराजा..." गावातल्यांसाठी, मुंबईतल्या चाकरमान्यांसाठी, पोराबाळांसाठी ते मागत गेले. प्रत्येक मागणीला काकू नकळत म्हणत होत्या, "व्हय म्हाराजा."

आणि नाना अडले. गावभराचं मागून झालं होतं, आता स्वतःची पाळी होती.

मी काहीच बोलले नाही. भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं. मग अगदी हळू: "म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू पैशे घालवन बसलां. हिच्यो पाटल्यो मोडल्यो. पोराक सांगूक तोंड नाय."

"व्हय म्हाराजा."

"आणि आजून दीड लाख देणा आसा. तां हिका म्हायत नाय."

खोलीत कुणी हललं नाही. काकूंचा पदर मुठीत घट्ट झालेला मी पाहिला. मध्ये पडायचा मोह मी आवरला. या कामात मला सगळ्यात उशिरा काय जमलं असेल, तर ते हेच. काकूंनी आवंढा गिळला आणि म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

नाना खाली बसले आणि रडले. त्या रात्री साडेपाचपर्यंत झोपले, असं नंतर कळलं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांना मानणारी. माणसाला न तोलता, न सुधारता पुरतं ऐकून घेतलं की त्याला त्याचं बळ सापडतं, हे त्यांचं म्हणणं. हे गृहस्थ तरुणपणी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मोपदेशक व्हायला गेले होते आणि दोन वर्षांनी मानसशास्त्राकडे वळले. असं ऐकून घेणं विद्यार्थ्यांना शिकवताना माझे तासच्या तास जातात. कोकणातल्या देवळात तेच काम दोन शब्दांत होतं. "व्हय" म्हणणारे चूक काढत नाहीत, उपाय सांगत नाहीत आणि "सगळं ठीक होईल"ही म्हणत नाहीत. आम्ही ऐकलं, एवढंच म्हणतात.

नाना इतके महिने शक्ती मागत होते, पण कशासाठी ते देवालाही सांगत नव्हते. आपली पुष्कळांची प्रार्थना अशीच असते, पाहुण्यांसमोरच्या बैठकीच्या खोलीसारखी आवरलेली. घरातला पसारा आतल्या खोलीत, दार लावून. देवाला चांगलं तेवढंच दाखवायचं आणि मग तो जवळ का वाटत नाही म्हणून झुरायचं. जनाबाईने तर विठोबाला "विठ्या" म्हणून शिव्या घातल्या आणि आपण तिला संत म्हणतो. वसईच्या आजोबांना मी म्हटलं, तुमच्या स्तोत्रांत "परमेश्वरा, कोठवर?" असं विचारलेलं आहेच की. ते म्हणाले, "ते म्हणायचं असतं होय? मी गाळून वाचायचो."

म्हणून खचलेल्या श्रद्धाळू माणसाला मी आता असं सांगते. देवापुढे उभे राहा आणि काय झालं ते नाव, रक्कम, तारीख घालून सांगा. राग असेल तर रागाने सांगा. आणि शक्यतो एकट्याने नको. ऐकून नुसतं "हो" म्हणणारं एक माणूस शेजारी असू द्या. बायको, भाऊ, पाळकसाहेब, शेजारीण, कुणीही. देवाचा आधार बहुतेकदा माणसाच्या आवाजातच पोचलेला मी पाहिला आहे. जगणं नको वाटत असेल तर मात्र गाऱ्हाण्यावर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा किंवा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

मार्गदर्शनाचं काय? तेही मला नानांनीच शिकवलं. त्यांना गावी जाऊन कौल लावायचा होता. ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ देवाला लावतात आणि कुठल्या बाजूचं आधी पडतं त्यावरून होकार-नकार ठरतो.

"प्रश्न काय विचारणार?" मी म्हटलं.

"माझं पुढे काय होणार, हाच."

"याला उजवा-डावा कसा मिळेल?"

नाना थांबले. "खरंच. गुरव असला प्रश्न घेणारच नाही."

मग पुढच्या दोन भेटी आम्ही फक्त प्रश्न घासत बसलो. "माझं काय होणार"पासून "दुकान चालेल का", तिथून "गाळ्याचा करार मार्चला संपतो, गाळा सोडू का" इथपर्यंत. मुलाला हिशेब दाखवावा लागला, मालकाशी बोलावं लागलं, देण्याची यादी काकूंच्या हातात द्यावी लागली. देव दिशा दाखवत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत निम्म्यांनी अजून प्रश्नच विचारलेला नसतो, असं माझं मत झालं आहे. कौलावर माझा विश्वास आहे का, हे नानांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शिमग्यानंतर दोघं आली. पिशवीत वेतोबाच्या प्रसादाची केळी.

"कौल?" मी विचारलं.

"उजवो. गाळो सोडलंय." चेहरा थोडा भरला होता. एका मेडिकलच्या गोदामात सकाळचं काम लागलं होतं.

काकू मात्र खुर्चीत ताठ बसून होत्या. "आणि मॅडम, त्या दीड लाखाचं माझं भांडण अजून संपलेलं नाही हं. मला न सांगता केलं यांनी."

नानांनी हात जोडले. "व्हय म्हाराजा."