दिवे लागले की भिंती जांभळ्या

प्रश्न : ताई, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या बैठकीला दिवाळीआधी ग्रेज रंग दिला. शेडकार्डवर अगदी शांत, मातकट राखाडी वाटला होता. दुपारपर्यंत तसाच दिसतोही. पण दिवे लागले की भिंती फिक्या जांभळ्या! सासूबाई म्हणतात, दुकानदारानं चुकीचा डबा दिला. फरशी कोटा आहे, हिंचका (झोपाळा) सागवानी. पुन्हा रंग द्यायचा का? – एक वाचक, बडोदा

उत्तर : डब्यावरच्या स्टिकरचा कोड कार्डाशी ताडून बघा. जुळला, आणि बहुधा जुळेलच, तर चोर भिंतीवर नाही, वर टांगलेला आहे. बैठकीत पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब आहे ना? स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत आपण तीच लावतो. खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असेल. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या छटेचं माप. म्हणजे उजेड निळसर.

ग्रेज म्हणजे ग्रे आणि बेज यांचं मिश्रण, पण प्रत्येकाच्या पोटात आणखी एक छटा असते. कुणात हिरवी, कुणात पिवळी. तुमच्यात गुलाबी असणार. त्यावर निळसर उजेड पडला की झाला जांभळा. त्यात कोटा हिरवट, आणि हिरव्याशेजारी गुलाबी जास्तच उठून दिसतो. साडीला हिरवे-गुलाबी काठ उगाच नाही लावत.

मी इथल्याच फाइन आर्ट्सला होते तेव्हा राखाडीसाठी काळ्या रंगाची ट्यूब उघडायची सोय नव्हती. तांबडा-हिरवा, नाहीतर निळा-नारिंगी घोटत बसायचं. वैताग यायचा, पण प्रत्येक राखाडीला एक माहेर असतं, ते कधीतरी बोलण्यात येतंच, हे तिथेच कळलं. तरी स्वतःच्या घरी मी फसलेच. उत्तरेच्या खोलीसाठी बोटभर कार्डावरून ग्रेज निवडला. तिथे थेट ऊन नाही, सगळा थंड उजेड. आई आली आणि म्हणाली, ‘प्लॅस्टर छान झालंय, रंग कधी देणार?’

तेव्हा आधी २७०० किंवा ३००० केचे पिवळसर दिवे लावून चार संध्याकाळी काढा. तेवढ्यानंच भागेल असं मला वाटतं.

नाहीच भागलं, तर पिवळसर पोटाचा ग्रेज बघा. सागवानाशी तो गोडीनं राहतो. फक्त नमुना थेट भिंतीवर फासू नका, भोवतीचा जांभळा डोळ्यांना फसवेल. दोन फुटी हार्डबोर्डवर दोन हात द्या, कडेला पांढरी पट्टी सोडा, आणि तो तुकडा हिंचक्यामागे उभा करून सकाळी, चार वाजता आणि दिवे लावल्यावर बघा. कार्डाशेजारी कोरा कागद धरला तरी पोटातली छटा लगेच कळते. काही शेडकार्डांवर एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा असतो, काळ्यासाठी ० आणि पांढऱ्यासाठी १००. तुमच्या भागातल्या लांबट घरांत उजेड एकाच बाजूनं येतो, म्हणून मी ६०च्या आसपास राहीन. पन्नासच्या खाली बैठक भर दुपारी उदास वाटेल.

हिंचक्यामागच्या भिंतीला मात्र पूर्ण मॅट देऊ नका. तिथे तेल लावलेली डोकी टेकतात. किंचित चमक असलेला, पुसता येणारा इमल्शन घ्या.